किती नंबरचं सूत

जुलैत आमच्याकडे खडू लिहीत नाही. वर्धा नदीवरून आलेली दमट हवा खिडकीतून आत शिरते, फळ्याला घाम सुटतो, आणि खडू ओढला की अक्षराऐवजी करडा ओरखडा उमटतो. मग मी दोन-तीन खडू मुठीत धरून ठेवते. मुठीच्या उबेनं ते जरा वाळतात. पोरांना वाटतं, मॅडम विचारात पडल्या. पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला मी अशी मूठ मिटून उभी असते आणि समोर साठ-सत्तर चेहरे. कोणी देवळीहून एसटीनं आलेलं, कोणी धामणगावकडून सकाळच्या गाडीनं अप-डाऊन करणारं, कोणी नाचणगावातून सायकल दामटत पोचलेलं. काळ्या मातीनं सगळ्यांच्या चपला दुप्पट जड झालेल्या.

बाहेर गाडी पुलावर चढते. जमिनीवर धडधडणारा तिचा आवाज पुलावर गेला की पोकळ होतो, घुमतो. गावाला पुलगाव हे नाव या पुलानंच दिलं असं जुनी माणसं सांगतात. रूळ नागपूरला पोचले १८६७ मध्ये. त्या काळात पूल बांधायला आलेल्यांची वस्ती पडली आणि ती उठलीच नाही. आवाज ओसरेपर्यंत मी थांबते. मुंबई-हावडा मार्ग, एका तासात चार-पाच वेळा तरी थांबावंच लागतं. एका रिकाम्या दुपारी मी हिशेब करून पाहिला होता: आयुष्यातले कितीतरी तास मी खडू हातात धरून गाडी जायची वाट बघण्यात घालवले आहेत. त्या तासांचं मानधन कोणी कापलं नाही, एवढंच.

मानधन म्हणजे तासिका तत्त्वावरचं. सकाळी विज्ञानशाखेला सीमा आणि सांतत्य. मग वाणिज्यच्या वर्गात व्यापारी गणित. दुपारी अर्थशास्त्रवाल्यांना आलेख समजावून द्यायला बोलावतात, कारण मागणीच्या रेषेचा उतार म्हटलं की वर्ग खिडकीबाहेर बघतो. संध्याकाळी घरी, ओसरीवर, पॉलिटेक्निकची आणि फार्मसीची पोरं. एकच प्रकरण मी दिवसातून तीन-चारदा शिकवते. विज्ञानात त्याचं नाव 'विकलज', अर्थशास्त्रात 'सीमांत', पॉलिटेक्निकच्या पोरांच्या तोंडी 'डीवाय बाय डीएक्स', एका दमात, जणू कोणाचं आडनाव. ओळख एकाच बाईची, पण माहेरी, सासरी आणि शाळेत तिला वेगवेगळ्या नावानं हाक मारतात तसं.

आणि प्रश्न मात्र सगळीकडे एकच. "मॅडम, हे कायच्या कामाचं हाय?"

पहिली काही वर्षं या प्रश्नाचा मला राग यायचा. नंतर भीती वाटू लागली, कारण उत्तर मला येत नव्हतं. पुस्तकातलं उत्तर येत होतं, पूल बांधायला, उपग्रह सोडायला वगैरे. विचारणाऱ्याला तेही ठाऊक असतं. त्याला त्याच्या कामाचं हवं असतं.

माझे बाबा गिरणीत होते. पुलगावची कापूस गिरणी, तिच्या भोंग्यावर एके काळी गावातल्या चुली पेटायच्या आणि विझायच्या. तो भोंगा थांबून आता बरीच वर्षं झाली. बाबांचं काम सूत तपासायचं. दीड वार घेराचं एक चक्र असायचं, त्यावर सुताचे ऐंशी वेढे घ्यायचे, म्हणजे १२० वार झालं. ती लच्छी उतरवून लहानशा तराजूत घालायची. वजन ग्रेनमध्ये. मग हजाराला त्या वजनानं भागायचं, येईल तो सुताचा नंबर. पन्नास ग्रेन भरलं तर वीस नंबर. पंचवीस भरलं तर चाळीस. हजारच का, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी सिगारेटच्या पाकिटावर मांडून दाखवलं होतं: एका रत्तलात ७००० ग्रेन. ८४० वारांच्या जितक्या लड्या मिळून एक रत्तल होतो तितका सुताचा नंबर. १२० हा ८४० चा सातवा भाग. म्हणून ७००० चे सात भाग, एक हजार. सातवी शिकलेला माणूस. दिवसभरात शंभरदा हजाराला भागायचा, कागदाशिवाय.

त्यातली एक गोष्ट मला लहानपणी उलटी वाटायची. नंबर वाढतो तसं सूत बारीक होतं. मोठा आकडा, बारीक धागा. पुढं बी.एस्सी.ला आयताकार अपास्त शिकताना, एक राशी वाढली की दुसरी घटते आणि दोघींचा गुणाकार तोच राहतो हे फळ्यावर बघताना, मला एकदम चक्राची घरघर ऐकू आली. मराठी पुस्तकात 'फंक्शन'ला 'फल' म्हणतात. बाबा जन्मभर एकाच फलावर जगले.

त्या सुट्टीत मी त्यांना मोठ्या तोऱ्यात विचारलं होतं, "वजन शून्य झालं तर नंबर किती?" माझ्याकडे उत्तर तयार होतं: अनंत. भास्कराचार्यांनी बीजगणितात शून्यानं भागलेल्या राशीला 'खहर' म्हटलं आणि तिच्यात काही मिळवलं वा काढलं तरी ती बदलत नाही, अच्युतासारखी, असं सांगितलं, हेही मी नुकतंच वाचलं होतं. बाबांनी विडी विझवली.

"वजन शून्य? मंग सूतच नाई ना वं पोरी. नंबर कायचा काढतं?"

आजचं पाठ्यपुस्तक शून्यानं भागाकाराला 'अव्याख्येय' म्हणतं. म्हणजे त्या दिवशी बाबा पुस्तकाशी सहमत होते, आणि मी नव्हते.

तरीही शिकवायला लागल्यावर हे सगळं मी वर्गाबाहेर ठेवलं. चपला काढून ठेवाव्यात तसं. वर्गात शिरताना गणित शुद्ध हवं, ही कल्पना मला कोणी शिकवली नव्हती. ती हवेतच असते. त्या काळात एका स्टाफरूममध्ये एक वाक्य ऐकलं होतं. पहिल्या सत्राचे निकाल लागले होते, आणि कोणीतरी चहा ओतता ओतता म्हणालं, "या पोरांचा धागाच आखूड आहे, किती पीळ द्याल?" हसलो सगळे. मीही हसले. गिरणीवाल्याची मुलगी असून.

आखूड धाग्याच्या कापसाचं बारीक सूत निघत नाही, हे खरं. पण दरी विणायला साठ नंबरचं सूत कोण घेतं? घेतलंच तर ती दरी पहिल्या धुण्यात चिंधी होईल. दरीला जाडच लागतं, आणि ते जाड सूतही सारखं, गाठी नसलेलं काढायला कारागीर लागतो. हे मला त्या दिवशी स्टाफरूममध्ये सुचायला हवं होतं. सुचलं चारेक वर्षांनी, ओसरीवर.

फार्मसीच्या पहिल्या सत्रात एक विषय असतो, 'रेमेडियल मॅथेमॅटिक्स'. बारावीला जीवशास्त्र घेऊन आलेल्यांना गणित, आणि गणित घेऊन आलेल्यांना जीवशास्त्र. मला हे नाव आवडतं. गणिताला निदान इथं तरी औषध म्हटलं आहे. तर त्या विषयाला घाबरलेली एक मुलगी आली. "मी बारावीत गणित मुद्दाम सोडलं होतं मॅडम, थे माह्या मागं मागं आलं." लॉगॅरिदम म्हटलं की तिचे ओठ कोरडे पडायचे. पुस्तक मिटलं मी. म्हटलं, ताप आलाय, पाचशे मिलिग्रॅमची पॅरासिटामॉल घेतलीस, सगळी रक्तात उतरली असं धर. अडीच तासांनी त्यातलं अर्धं राहतं. आणखी अडीच तासांनी?

"अडीचशेचं अर्धं. सव्वाशे."

पुढं?

"साडेबासष्ट... सव्वाएकतीस..." ती थांबली. "मॅडम, मंग औषध सरते कधी?"

बाहेर पाऊस पडत होता. हा प्रश्न विज्ञानशाखेच्या साठ पोरांपैकी एकानंही मला विचारला नव्हता. मी सांगितलं की सूत्रात ते कधीच संपत नाही. शून्याच्या जवळ जात राहतं, पोचत नाही. सकाळच्या वर्गात याच्यावर आम्ही महिनाभर डोकं आपटतो, त्याला सीमा म्हणतात. आणि तुमच्या शास्त्रात? तुमच्या शास्त्रात पाच वेळा अर्धं झालं की बत्तिसावा भाग उरतो, शेकडा तीनच्या आसपास, आणि तेव्हा औषध गेलं असं धरून चालतात.

"असं धरता येते?"

येतं. तिच्या चेहऱ्यावरची सुटका मी विसरणार नाही. पण लगेच मी तिला मात्रेचं गणित घातलं, आणि तिनं दशांश चिन्ह एक घर सरकवून ठेवलं. २.५ च्या जागी २५. तिथं मी काही धरू दिलं नाही. तिथं साठ नंबरचंच सूत लागतं.

वाणिज्यवाल्यांशी तर माझं भांडणच वेगळं. ते हिशेबात माझ्यापेक्षा तरबेज. शेकडा दोननं घेतलेलं कर्ज म्हणजे सालाचे चोवीस असं मी म्हटलं की मागच्या बाकावरून आवाज येतो, "चक्रवाढ असन तं सत्तावीसच्या जवळ जाते, मॅडम." जातं, २६.८२. ते त्यानं काढलेलं नसतं, घरानं भरलेलं असतं. पूर्वी शाळेत पावकी, निमकी, दिडकीचे पाढे होते, आणि गावात दाण्याचा व्यवहार सवाईनं, दिडीनं चाले. पेरणीला एक पोतं घ्यायचं, हंगामात दीड परत करायचं. नाही जमलं तर पुढच्या हंगामाला दिडाची दिडी. दीड दिडे सव्वादोन.

हे सव्वादोन मी फळ्यावर लिहिलं तेव्हा माझ्याच हातातला खडू थबकला. याकोब बर्नूली नावाच्या स्विस गणितज्ञानं १६८३ मध्ये हाच प्रश्न घेतला होता. शेकडा शंभर व्याजानं एक रुपया वर्षात दोन होतो. व्याज सहामाही धरलं तर? सव्वादोन. महिन्याला धरलं तर २.६१. रोज धरलं तर २.७१. क्षणाक्षणाला धरलं तर? रक्कम वाढतच जाईल असं वाटतं, पण ती २.७१८ च्या थोडी पुढं एका जागी अडते. त्या आकड्याचं नाव e. इंजिनिअरिंगच्या पोरांना तो पहिल्या दिवशी आकाशातून पडल्यासारखा भेटतो. आमच्याकडे तो दाण्याच्या पोत्यात होता, दुसऱ्या पायरीवर, आणि तिथून पुढं चढायला कोणाला सवड नव्हती.

आणि घनमूळ. ते मी फार दिवस नुसतं सोडवून घेत असे. पुलगावात देशातला सर्वांत मोठा दारूगोळ्याचा डेपो आहे. गावातल्या कित्येक घरांचा पगार तिथून येतो. ३१ मे २०१६ ला पहाटेच्या आधी तिथं आग लागली, आणि अधिकारी, जवान, आग विझवणारे गेले. त्या रात्रीबद्दल इथं कोणी मोठ्यानं बोलत नाही. पुढं एकदा घनमुळाची उदाहरणं घेताना मी सांगितलं की स्फोटक साठवताना सुरक्षित अंतर वजनाच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढतं. साठा आठपट, तर अंतर दुप्पट, कारण धक्का तिन्ही दिशांनी पसरत विरतो. वर्गातल्या एका मुलानं मान वर केली. काही विचारलं नाही त्यानं. त्या दिवशी मात्र त्यानं सगळी उदाहरणं सोडवून दाखवली, आणि वहीत घनमुळाचं चिन्ह पट्टीनं काढलं होतं.

आता कोणी म्हणेल, बाई, हे तर नई तालीम झालं. झालंच. इथून जवळच, वर्ध्यात, २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन समितीनं पुढं साडेपाच तासांचा शाळेचा दिवस आखला. त्यातले तीन तास वीस मिनिटं हस्तोद्योगाला. अंकगणिताला वेगळा तास नाही. संगीत, चित्रकला आणि अंकगणित मिळून चाळीस मिनिटं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा गणिताची शिक्षक म्हणून मला अपमान वाटला. नंतर वाटलं, शेजार किती चांगला दिला आहे. बाकीचं गणित टकळीवर फिरायचं: किती तार निघाले, किती वेळात, किती पेळू खपले, किती वाया गेले.

पण टकळीचंही एक टोक येतं. सगळं गणित कामातून शिकवावं असं मी दोन वर्षं कट्टरपणे केलं आणि मला वर्गातल्याच एका मुलीनं थांबवलं. वाणिज्यची, घरी किराणा दुकान, हिशेबात चोख. तास संपल्यावर बाकाशी रेंगाळली. कुठंसं तिनं वाचलं होतं की ०.९९९... असे नऊ न थांबता लिहीत गेलं तर ते बरोबर एक होतात. जवळपास नाही, बरोबर. "थे कसं?" मी सवयीनं दुकान काढलं, एक किलो साखर आणि काट्याची चूक. तिनं मान हलवली. "दुकानाचं नका सांगू मॅडम. दुकान घरी हाय."

मी खडू घेतला. एकाला तीननं भाग म्हटलं. ०.३३३... आता त्याची तिप्पट कर. ती फळ्याकडे बघत राहिली. गाडी पुलावर चढली, उतरली. तिनं खडू मागितला आणि तेच पुन्हा स्वतः लिहिलं, हळूहळू, रांगोळीचे ठिपके मांडावेत तसं. परीक्षेत हे येणार नव्हतं, दुकानात तर नाहीच. तेव्हापासून मी कामाच्या गणिताबद्दल जरा जपून बोलते. कोणाला कशाची भूक आहे हे त्याच्या शाखेवरून ओळखता येत नाही. तिच्या वर्गाच्या अभ्यासक्रमात तिच्यासाठी नफा-तोटा, सूट, कमिशन आणि निश्चयक एवढंच वाढून ठेवलं होतं.

नव्या शैक्षणिक धोरणानं आता सगळ्यांना दुसऱ्या विद्याशाखेतला एखादा विषय घ्यायला लावलं आहे, ओपन इलेक्टिव्ह. त्यामुळे माझ्याकडे कलाशाखेची, वाणिज्यची अशी मिसळ बसते. क्रेडिट दोन, वेळ दुपारी तीन. त्यांना काय शिकवावं हे ठरवायला मी भास्कराचार्यांची लीलावती काढली. ११५० च्या आसपासचं हे पुस्तक आपण सुंदरीला विचारलेल्या कोड्यांसाठी लक्षात ठेवतो, पण त्याच्या उत्तरार्धातल्या प्रकरणांची नावं वाचली तर ती बाजारपेठेतल्या गल्ल्यांसारखी आहेत. खात व्यवहार, खड्डे खणणाऱ्याचा. चिती व्यवहार, विटा रचणाऱ्याचा. क्रकच म्हणजे करवत. लाकूड चिरणाऱ्याची मजुरी. राशी व्यवहार, धान्याच्या ढिगाचा. आणि छाया. पहिल्या वर्षाचं गणित, निरनिराळ्या शाखांसाठी, बाराव्या शतकातलं.

ढिगाचा नियम असा. घेर दोरीनं मोजायचा. त्याच्या सहाव्या भागाचा वर्ग करून उंचीनं गुणायचं. उंची मोजायला काठी खुपसायचीही गरज नाही. जाड धान्य असेल तर घेराचा दहावा भाग, बारीक असेल तर अकरावा, कुसाचं असेल तर नववा. दाणे जसे, तसा ढीग घसरतो. सहाव्या भागाचा वर्ग म्हणजे परिघ आणि व्यासाचं गुणोत्तर सरळ तीन धरलेलं. मी इथं अडले. याच माणसानं याच पुस्तकात वर्तुळासाठी ३९२७ भागिले १२५० असं सूक्ष्म गुणोत्तर दिलं आहे, म्हणजे ३.१४१६. व्यवहारासाठी २२ भागिले ७ दिलं आहे. तिन्ही त्याला ठाऊक होती. ढिगाशी आल्यावर त्यानं तीन उचललं.

मी पुस्तक उघडंच ठेवून उठले आणि बाबांचा लहानसा पितळी तराजू काढून पुसून ठेवला.

ऑक्टोबरात सोयाबीन आलं तेव्हा ओळखीच्या एका अडत्याला विचारून पोरांना धान्याच्या ओट्यावर नेलं. सोयाबीनचा एक देखणा ढीग निवडला. दोरीनं घेर भरला बरोबर सहा मीटर, नशीब. सहावा भाग एक, एकाचा वर्ग एक, म्हणजे उंची तेच उत्तर. सोयाबीन जाड की बारीक यावर मराठी वाङ्मय आणि अर्थशास्त्र यांच्यात वाद झाला. शेवटी अकरावा भाग धरला: ५४ सेंटिमीटर आणि थोडं. साधारण ५४५ लिटर सोयाबीन. लिटरचं माप भरून काट्यावर ठेवलं, ७३० ग्रॅम. गुणाकार ३९८ किलो. कोणीतरी मोबाइलवर बावीस-सप्तमांशानं केलं, त्याचं आलं ३८०.

इतका वेळ एक हमाल पोत्यावर बसून तंबाखू मळत होता. दुकानवाली मुलगी त्याच्याजवळ गेली. "काका, किती असन हो हे?"

त्यानं ढिगाकडे नीट पाहिलंही नाही. "चारच्या आत. पावनेचारच्या वर."

मोजलं. तीन क्विंटल ८६ किलो.

पोरांनी टाळ्या वाजवल्या, कोणासाठी ते त्यांनाही ठाऊक नसावं. काकांनी दोरीकडे बोट दाखवून विचारलं, हे कोणी शिकवलं. मुलीनं सांगितलं, भास्कराचार्यांनी, फार जुने, आठशे-नऊशे वर्षांपूर्वीचे. चाळीसगावजवळ पाटणला त्यांच्या नातवानं त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला होता, तिथं १२०७ चा शिलालेख आहे, मॅडमनं सांगितलं.

"चाळीसगाव म्हंजे भुसावळच्या पुढचं?"

"हो."

काकांनी तंबाखूची चिमूट ओठाखाली ठेवली. "मंग आपल्याच लाइनवरचे हायेत," ते म्हणाले, आणि पोतं उचलायला उठले.